एका टीव्हीखाली दोन कन्सोल

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांत तटस्थ माणूस मला अजून भेटायचा आहे, आणि भेटलाच तर तो श्रीमंत असणार. ज्याच्या घरी प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विच तिन्ही आहेत त्याला मत नसतं. त्याला फक्त प्लगपॉइंट कमी पडतात. आम्हा बाकीच्यांना एकच डबा परवडतो आणि तोच जगात सर्वोत्तम आहे हे पटवून देण्यात पुढची सहा-सात वर्षं जातात. ठरवून केलेल्या लग्नाचं असतं तसंच हे. आधी ऐपत पाहायची, मग प्रेम आपोआप बसतं, आणि बसलं की दुसऱ्याच्या घरात डोकावून ‘आपलं बरं आहे’ म्हणायचं.

माझं प्रेम प्लेस्टेशनवर बसलं. पीएस ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, किंमत ४९,९९० रुपये. गंमत म्हणजे त्याआधी नोव्हेंबरात आलेल्या एक्सबॉक्स सिरीज एक्सची किंमतही तंतोतंत तेवढीच. म्हणजे पैशाकडे बोट दाखवून सुटायची सोयच नव्हती. पीएस ५ ची आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली, आणि जी गोष्ट मिळत नाही तीच हवी असते, एवढ्या एका कारणावर माझ्या निष्ठेची इमारत उभी आहे. बाकीची कारणं मी नंतर जमवली. खरेदीआधी माणूस जेवढी परीक्षणं वाचतो त्याच्या दुप्पट खरेदीनंतर वाचतो, आणि त्यातली फक्त चांगली.

माझा एक जुना मित्र एक्सबॉक्सवाला. आमचे वाद म्हणजे आकड्यांची लढाई. तो म्हणायचा, ‘आमचे बारा टेराफ्लॉप, तुमचे सव्वादहा.’ मी म्हणायचो, ‘तुमची एसएसडी सेकंदाला २.४ गिगाबाइट वाचते, आमची ५.५.’ टेराफ्लॉप म्हणजे नेमकं काय, हे दोघांपैकी एकालाही धड सांगता आलं नसतं. पण वाद घालायला विषय कळावाच लागतो असं कुणी सांगितलंय? आता यातली खरी मौज ऐका. दोन्ही डबे उघडले तर आत एकाच एएमडी कंपनीची चिप. दोघांत आठ कोअर, दोघांत सोळा गिगाबाइट मेमरी. सख्खे मावसभाऊ. आम्ही मात्र चहा गार होईपर्यंत एकमेकांचं कुळ काढत बसायचो.

लहानपणी असलं काही नव्हतं. नव्वदच्या दशकात आमच्याकडे होता तो ‘टीव्ही गेम’. डब्यावर कुठलं नाव होतं ते आज आठवत नाही, आणि आठवूनही उपयोग नाही, कारण असल्या बहुतेक डब्यांच्या पोटात निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कलच असायची. कॅसेटवर ‘९९९९ इन वन’ असं छापलेलं. प्रत्यक्षात दहा-पंधरा गेम आणि तेच पुन्हापुन्हा निराळ्या नावांनी. चालली नाही की कॅसेट काढायची, फुंकायची, परत खुपसायची. मारिओ, काँट्रा, बदकं मारायची ती बंदूक. आमची अख्खी पिढी निन्टेंडोवर वाढली आणि बहुतेकांच्या घरून निन्टेंडोला एक रुपयाही गेला नाही. इतकी निःस्वार्थ आणि इतकी फुकट भक्ती दुसरीकडे मिळणार नाही.

निन्टेंडोनेही त्याची फार दखल घेतलेली दिसत नाही. स्विच २०१७ मध्ये आला, स्विच २ जून २०२५ मध्ये. पण कंपनी स्वतः भारतात दुकान मांडून तो विकत नाही. तो मिळतो लॅमिंग्टन रोडला, ‘इम्पोर्टेड पीस’ म्हणून. वॉरंटी विचारली की दुकानदार मायेने हसतो आणि बिलाविषयी विचारलं की हसणं थांबवतो. तरीही मारिओचं नाव काढलं की चाळिशीतली माणसं विरघळतात. जो आपल्याला गिऱ्हाईक समजत नाही त्याच्यावरचं प्रेम सगळ्यात टिकाऊ असावं.

या सगळ्यात मला खरी दया येते ती सेगावाल्यांची. अमेरिकेत नव्वदच्या दशकात शाळाशाळांत दोन तट होते, सेगाचे आणि निन्टेंडोचे. सेगाच्या जाहिराती निन्टेंडोचं नाव घेऊन खिजवायच्या. निन्टेंडोचा मारिओ जाडगेला, बिचकत उड्या मारणारा. सेगाचा सॉनिक निळा, उद्धट, भरधाव. पोरांनी मैत्र्या तोडल्या असतील यावरून. आणि मग २००१ च्या सुरुवातीला सेगाने जाहीर केलं की ड्रीमकास्टचं उत्पादन बंद, यापुढे आम्ही कन्सोल बनवणार नाही, फक्त गेम बनवू. त्याच वर्षाच्या अखेरीस सॉनिक निन्टेंडोच्या गेमक्यूबवर पळायला लागला. २००७ मध्ये तर मारिओ आणि सॉनिक जोडीने ऑलिम्पिकच्या गेममध्ये उतरले. ज्या पोराने दहा वर्षांपूर्वी शाळेच्या बसमध्ये सॉनिकच्या बाजूने भांडून चष्मा फोडून घेतला असेल, त्याचं काय? त्याला कुणी तह झाल्याचं पत्रसुद्धा पाठवलं नाही.

खुद्द माझं प्लेस्टेशनही एका अपमानातून जन्मलं. निन्टेंडोच्या यंत्राला सीडीची जोड द्यायची, असं सोनी आणि निन्टेंडोचं ठरलं होतं. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने त्याच ठिकाणी सांगितलं की आम्ही फिलिप्सबरोबर जातोय. भर मांडवात नवरा बदलला. सोनीतल्या केन कुतारागींनी मग स्वतःचंच यंत्र काढायचा हट्ट धरला आणि ३ डिसेंबर १९९४ ला ते जपानात विकायला आलं. कंपन्यांची निष्ठा ही अशी, रात्रीत पालटणारी. गिऱ्हाइकाने तेवढी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायची.

तरी निष्ठेला एकदा व्यवहाराची जोड मिळाली होती. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर करताना जुन्या डिस्क विकण्यावर आणि मित्राला देण्यावर बंधनं घातली. सोनीने त्यावर काही सेकंदांचा व्हिडिओ काढला : एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, दुसरा घेतो, झालं. बोंब एवढी झाली की दोन आठवड्यांच्या आत मायक्रोसॉफ्टने निर्णय मागे घेतला. इकडे हा वाद कुणाला समजावून सांगायची गरजच नव्हती. पीएस ५ चा मोठा गेम ४,९९९ रुपयांना येतो. तो संपवायचा, ओरखडा न पाडता डबीत घालायचा, दुकानात नाहीतर कुणा अनोळखी माणसाला मेट्रो स्टेशनबाहेर विकायचा आणि वर थोडी भर घालून पुढचा घ्यायचा, हे आमचं अर्थशास्त्र. माझ्याकडून डिस्क घेणारे लोक ती उन्हाकडे धरून अशी तपासतात, की सराफाने शिकावं.

डाउनलोड केलेल्या गेमचं मात्र तसं नाही. तो विकता येत नाही, उसना देता येत नाही, आणि दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर नेता येत नाही. सेलमध्ये स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले आणि कधीही न उघडलेले गेम खात्यात साठत जातात, आणि उद्या पक्ष बदलायचा म्हटलं की ते सगळे पायात येतात. याला निष्ठा म्हणायचं की कर्जाचा हप्ता?

त्यात नवीन यंत्रांचे भाव. पूर्वी वर्ष-दोन वर्षं थांबलं की कन्सोल स्वस्त व्हायचा. थांबणारा शहाणा ठरायचा. पीएस ५ उलट २०२२ च्या नोव्हेंबरात ५४,९९० झाला. मग २०२४ मध्ये पीएस ५ प्रो आला, त्यात डिस्कचा कप्पाच नाही, तो वेगळा विकत घ्या. भारतात तर प्रो तेव्हा आलाच नाही, कारण त्याच्या वाय-फायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा इथे खुला नव्हता. माझ्या बायकोला दूरसंचार खात्याबद्दल प्रथमच आदर वाटला.

मला विचाराल तर मेंदूपेक्षा बोटं जास्त कट्टर असतात. एक्सबॉक्सवर ए बटण खाली असतं, निन्टेंडोवर तेच उजवीकडे. प्लेस्टेशनवर अक्षरं कमी आणि भूमितीच जास्त. मित्राच्या घरी मी ‘हो’ म्हणायला जातो आणि दर वेळी ‘नाही’ म्हणून बाहेर पडतो. जपानात तर पीएस ४ पर्यंत गोल म्हणजे होकार होता. पीएस ५ ने तिथेही फुलीला होकार करून टाकलं. पंचवीस वर्षांची सवय एका डब्याने उलटी केली. तिथल्या अंगठ्यांचे किती हाल झाले असतील याची मला प्रामाणिक काळजी वाटते.

आणि आता तर लढाईच उरलेली नाही. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टची फोर्झा होरायझन ५ प्लेस्टेशनवर आली, मग गिअर्स ऑफ वॉर आला. सोनीनेही आपला हेलडायव्हर्स २ एक्सबॉक्सवर पाठवला. ऑक्टोबरमध्ये कळस झाला : हेलो, ज्याच्या जिवावर २००१ पासून एक्सबॉक्स उभा होता, त्याचा पहिला भाग नव्याने बनवून २०२६ मध्ये पीएस ५ वरही आणणार, असं जाहीर झालं.

त्या रात्री मी मित्राला फोन केला. टोमणा तयार ठेवला होता, पण तो इतका गप्प होता की मारवेना.

‘अरे, मी वीस वर्षं काय करत होतो मग?’ तो म्हणाला.

‘खेळत होतास,’ मी म्हटलं.

‘ते खरं. पण तुझ्याविरुद्ध खेळत होतो.’

मग बराच वेळ आम्ही गुडघे, गृहकर्ज, मुलांच्या परीक्षा असं बोललो. शेवटी तो जरा चाचरत म्हणाला, की त्या हेलोत टीव्हीचा पडदा दुभागून दोघांना शेजारी बसून खेळता येणार आहे म्हणतात, तर आला की तो घेशील का, मी येतो तुझ्याकडे.

‘ये की. फक्त तुझा कंट्रोलर आणू नकोस. इथे चालत नाही.’