गोल्फमधल्या ड्रायव्हर क्लबच्या टाळक्यावरील रेघेस खुले पत्र

मु. पो. सोमेश्वरनगर, ता. बारामती

श्रीमती पांढरी रेघ, मुक्काम ड्रायव्हरचं टाळकं, यांस



आपण जेमतेम नखाएवढ्या, पण धडधाकट माणसाला मान खाली घालून ताटकळत उभं करायची आपली ताकद अचाट आहे. आमच्या भागात ती आजवर फक्त सोसायटीच्या सचिवाकडे होती.

आपली शिकवण सोपी. चेंडू टीच्या खुंटीवर ठेवा, रेघ त्याच्या बरोब्बर मागे आणा, स्वीट स्पॉट, म्हणजे क्लबने मारायची नेमकी जागा, चेंडूसमोर आलाच म्हणून समजा. आता काय, फक्त फिरवा! मी आज्ञाधारक माणूस. कारखान्याला ऊस गेल्यावर मोकळ्या झालेल्या रानात पाचट बाजूला सारलं आणि एक डोळा मिटून आपल्याला चेंडूमागे लावत बसलो. इतका वेळ, की बांधावरून जाणाऱ्या अण्णांनी विचारलं, “काय रं, मोजणीवालं यायचंत का आज?”

मोजणी चोख झाली, चेंडू क्लबच्या टाचेला, म्हणजे दांड्याकडच्या कडेला, लागला आणि उजवीकडे वळत गेला. आमच्या रानात उभं राहिलं की नीरा डावा कालवा उजव्या हाताला येतो, हा भूगोल आपल्या कृपेने पाठ झाला.

आता आरोप ऐका. आपण खोटं बोलत नाही, हाच खरा घोळ आहे. क्लब जमिनीवर टेकून गप्प उभा असताना आपण सांगता ते खरंच असतं. पण चेंडूला त्या वेळी कोण मारतं? क्लब आणि चेंडू यांची गाठ पडते ती सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती, आणि तिच्याआधी अख्खा स्विंग होऊन गेलेला असतो. उभं राहताना सैल लोंबणारे हात वेगाच्या ओढीने ताठ होतात, मुठी वर उचलल्या जातात. क्लबच्या डोक्याचा गुरुत्वमध्य दांड्याच्या रेषेत नसतो, म्हणून तो ओढला जातो, दांडा वाकतो आणि क्लबचं नाक, म्हणजे टाचेच्या विरुद्ध टोक, खाली झुकतं. त्यात माझ्यासारख्याची कंबर उत्साहाने चेंडूकडे सरकते. या सगळ्या हलवाहलवीत आपण जिथे होतात तिथेच परत याल, असा शब्द आपण कुणाच्या भरवशावर देता? शिवाय टीवरचा चेंडू उंच आणि क्लबचा तळ जमिनीवर. आपण आडव्या दिशेचा हिशेब सांगता, उभ्याचं नावही काढत नाही.

आमच्याकडे ऊस तोडायला येणाऱ्या बायका कोयता उसाला आधी टेकवून माप घेत बसत नाहीत. बुडख्यात साखर जास्त, म्हणून घाव जमिनीलगत बसला पाहिजे, एवढं त्यांना ठाऊक असतं, आणि तो तिथे बसतो. त्यांच्या कोयत्यावर रेघ नसते.

आपल्याला न जुमानणारी मंडळीही काही साधीसुधी नव्हेत. 1979 ची मास्टर्स स्पर्धा जिंकणारा फझी झोएलर चेंडू क्लबच्या टाचेसमोर ठेवून उभा राहायचा. पाहणाऱ्याला वाटावं, हा आता चेंडूऐवजी क्लबची मान तोडणार. कॅनडाचा मो नॉर्मन क्लब चेंडूच्या कितीतरी मागे ठेवायचा. अठरा मेजर स्पर्धा जिंकलेला जॅक निक्लॉस क्लब जमिनीला टेकवतच नसे, किंचित अधांतरी धरायचा. तिघांनाही स्वीट स्पॉट हवाच होता, फक्त तो चेंडूला लागण्याच्या वेळी हवा होता. आपल्यासारखा फोटोपुरता नको होता.

गंमत म्हणजे आपल्या घरच्यांचाही आपल्यावर विश्वास नाही. ड्रायव्हरचा चेहरा सपाट नसतो, आडवा फुगीर असतो. का, तर फटका नाकाकडे किंवा टाचेकडे बसला की चेंडूला तिरपी फिरकी मिळते. फुगीर चेहरा त्या चेंडूला आधी बाहेर पाठवतो, म्हणजे फिरकी त्याला आत आणू शकेल. म्हणजे जे कारखाने आपल्याला डोक्यावर रंगवतात, तेच पोटात आपण चुकणार हे गृहीत धरतात. जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनियर कार्स्टन सोल्हाइम याने 1959 साली पटर, म्हणजे चेंडू हळूच ढकलायचा क्लब, बनवला तेव्हा वजन मधून काढून कडांना दिलं, कारण माणूस मधोमध मारत नाही हे त्याने मान्य केलं होतं. पुढे त्याच्या ‘पिंग’ कंपनीचं नाव जगभर गेलं. माणसाच्या चुकीवर एवढा मोठा धंदा उभा राहिला, आणि आपण अजून अचूकपणाची पाटी मिरवताय.

आपली चुलत भावंडं, म्हणजे आयर्न या लोखंडी क्लबांच्या चेहऱ्यावरच्या खाचा, त्यांचीही तीच तऱ्हा. जुन्या धाटणीच्या ‘ब्लेड’ आयर्नमध्ये मानेचं वजन टाचेकडे असतं, म्हणून खरा स्वीट स्पॉट खाचांच्या मध्याहून थोडा टाचेकडे असतो. खाचा मात्र ‘मध्य तो आम्हीच’ अशा थाटात बसलेल्या. पटरवरच्या आपल्या बहिणीवर मात्र माझा राग नाही. तिथे दांडा आखूड, वेग कमी, दांड्याला वाकायला फुरसत नाही. ती सांगते ते फटक्यापर्यंत बऱ्यापैकी टिकतं. तिच्याकडून दोन गोष्टी शिका.

रेघेने खेळाडू होत नाही. पुण्याचा गोल्फर उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला. पुण्यातच जन्मलेला अनिर्बन लाहिरी 2015 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला. रंगवलेली रेघ जिल्ह्यात कुणालाही पैसे टाकून मिळते. टोकियो तसं मिळत असतं, तर आमच्या आळीतून निम्मे तरी गेले असते. येरवड्याच्या पूना क्लबच्या गोल्फ कोर्सवर जाऊन पाहा, तिथे आपल्या कितीतरी बहिणी झाडाखाली चेंडू शोधणाऱ्यांच्या बॅगेत पडून असतात.

असो. आपली चौकशी मी माझ्या पद्धतीने केली. अण्णांच्या तंबाखूच्या डबीतला चुना ओला करून क्लबच्या चेहऱ्याला फासला, आपल्यावर काळी चिकटपट्टी मारली आणि मारत सुटलो. स्पर्धेत असं लेपण चालत नाही, रानात चालतं. चेंडूने चुन्यावर उमटवलेले डाग सगळे टाचेकडे होते. मग उभं राहतानाच चेंडू नाकाच्या बाजूला धरला आणि क्लब थोडा उचलून ठेवला. डाग मध्याकडे सरकू लागले. आपल्या हिशेबाने मी त्या वेळी चक्क चुकीचा उभा होतो.

तरी आपल्याला नोकरीवरून काढत नाही. क्लबचा चेहरा कुठे वळलाय ते सांगायला आपण ठीक आहात. तेवढ्या कामाला हजर राहावे, चेंडूच्या जागेबद्दल बोलू नये. पगारवाढ नाही.

कळावे,
आपला कालव्याकाठचा ग्राहक

ता. क. चिकटपट्टी काढणार नाही. आणि अण्णा डबी परत मागताहेत, त्या चुन्याचं बिल आपल्या नावे लावलं आहे.