श्री. मारिओ यांची अर्जित रजा मंजूर करणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापन,
निन्टेन्डो कंपनी, क्योतो, जपान.

विषय : आपल्या आस्थापनेवरील कर्मचारी श्री. मारिओ (हुद्दा : प्लंबर व इतर) यांची रजा.
संदर्भ : सदर कर्मचाऱ्याची १९८१ पासूनची सेवापुस्तिका.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, श्री. मारिओ हे १९८१ साली ‘डाँकी काँग’ या खेळात सुतार म्हणून आपल्याकडे रुजू झाले. पिंपांवरून उड्या मारत शिड्या चढणे आणि माकडाने पळवलेली बाई सोडवून आणणे, एवढेच त्यांचे काम होते. खरे तर ती जागाही त्यांची नव्हती. आपल्याला ‘पॉपाय’ हवा होता. त्याचे हक्क मिळाले नाहीत, म्हणून शिगेरू मियामोतो या तरुण कलाकाराने हा गडी उभा केला. इवल्याशा चौकटीत तोंड काढायला जागा नव्हती, म्हणून मिशी आली. केस रंगवायची कटकट नको, म्हणून टोपी. हात हलताना दिसावेत, म्हणून डंगरी. सुरुवातीला त्यांना ‘जंपमॅन’ म्हणत. पुढे आपल्या अमेरिकन शाखेच्या गोदामाचे मालक मारिओ सेगाली यांचे नाव त्यांना चिकटले. थोडक्यात, चेहरा तांत्रिक अडचणीतून मिळाला आणि नाव घरमालकाकडून. इतक्या साध्या नेमणुकीची सेवापुस्तिका पुढे इतकी जाड होईल, असे तेव्हा कोणाला वाटले असेल?

पुस्तिका उघडली की पहिल्या दोनचार पानांतच गरगरायला होते. १९८२ साली हेच गृहस्थ त्या माकडाला पिंजऱ्यात कोंडणारे खलनायक झाले. १९८३ साली भावासह, म्हणजे लुईजीसह, प्लंबर झाले. त्याच वर्षी ते सिमेंटच्या कारखान्यातही राबत होते आणि १९८५ साली हातोडा घेऊन इमारती पाडत होते. ज्याने सिमेंट ओतायचे त्यानेच दोन वर्षांनी पाडकामाला उभे राहायचे, ही पद्धत आमच्याकडच्या काही महापालिकांना जरूर आवडेल. मध्ये १९८४ साली टेनिसच्या सामन्यात पंचाची उंच खुर्ची, १९८७ साली मुष्टियुद्धाच्या रिंगणात पुन्हा पंचगिरी. १९९० साली तर त्यांच्या नावामागे ‘डॉक्टर’ लागले. वैद्यकीय पदवीची नोंद पुस्तिकेत कुठेच सापडत नाही. उपचाराची पद्धत म्हणजे रंगीत गोळ्या विषाणूंच्या अंगावर टाकत राहणे.

पुतळ्यांचा सोस फक्त आमच्याकडेच आहे, असा पत्रलेखकाचा समज होता. १९९१ साली आपण ‘सिमसिटी’ हा नगररचनेचा खेळ आपल्या यंत्रावर आणलात. खेळणाऱ्याने रस्ते, वीज, कर असले सगळे निस्तरून शहराची लोकसंख्या पाच लाखांवर नेली की त्याला बक्षीस मिळे मारिओंचा पुतळा! नगररचनेशी त्यांचा संबंध काय, हे विचारायचे नाही. पुतळ्याबाबत तसे विचारायचे नसतेच.

यात निव्वळ हौस होती असे म्हणता येणार नाही. मियामोतो यांच्या मनात पहिल्यापासून हेच होते. या पात्राला ते ‘मिस्टर व्हिडिओ’ म्हणत आणि आल्फ्रेड हिचकॉक जसा आपल्या चित्रपटांत क्षणभर डोकावून जाई, तसे याने आपल्या प्रत्येक खेळात डोकवावे अशी त्यांची कल्पना होती. कल्पना गमतीची आहे. फक्त हिचकॉक क्षणभर दिसून निघून जात असे. तो चित्रपटाचा नायक, चालक, डॉक्टर आणि पंच होऊन बसत नसे.

आता प्रतिनियुक्तीचे प्रकरण पाहू. नव्वदच्या दशकाच्या आरंभी सदर कर्मचाऱ्यास संगणकावर टंकलेखन शिकवण्याच्या कामी पाठवण्यात आले. पाठोपाठ भूगोल शिकवायच्या एका खेळाला त्यांचे नाव दिले गेले. त्यात ते स्वतःच बेपत्ता होते आणि जगभर हिंडून त्यांना शोधायची जबाबदारी लुईजीवर होती. (सगळ्या कारकिर्दीत मिळालेली बहुधा हीच त्यांची खरी रजा.) फिलिप्स कंपनीशी सीडी-यंत्राचा आपला बेत फिसकटला, त्या व्यवहारातून फिलिप्सच्या हाती आपली पात्रे वापरायची मुभा उरली आणि १९९४ साली ‘हॉटेल मारिओ’ निघाला. त्यात हा माणूस हॉटेलांच्या खोल्यांची दारे लावत हिंडतो. दारे लावणे, बस्स. २००५ साली त्यांना अमेरिकन बास्केटबॉलच्या एका खेळात आणि बर्फावर घसरण्याच्या दुसऱ्या एका खेळात पाहुणे म्हणून धाडले गेले. दोन्ही खेळ दुसऱ्याच कंपनीचे. गोल्फ, टेनिस, बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी, व्हॉलीबॉल, सगळे झाले. क्रिकेट तेवढे राहिले आहे. या पत्रामुळे आपल्याला त्याची आठवण होऊ नये, ही प्रार्थना.

२००७ साली तर ज्या सेगा कंपनीशी आपण दशकभर हमरीतुमरी केली, तिच्या सॉनिक नावाच्या साळिंदरासारख्या प्राण्याबरोबर त्यांना ऑलिंपिकला उतरवले गेले आणि २०२० च्या तोक्यो स्पर्धेपर्यंत ही जोडी पळत राहिली. २०१६ साली रिओच्या समारोपात जपानचे पंतप्रधान शिन्झो आबे मारिओंची टोपी घेऊन हिरव्या नळातून वर आले. देशाचा पंतप्रधान ज्याचा वेश घेतो, त्या कर्मचाऱ्याला रजा कोण देणार?

इतके होऊनही आपल्या जपानी संकेतस्थळावरच्या त्यांच्या परिचयात २०१७ साली असे नोंदवले गेले की, फार पूर्वी ते प्लंबर म्हणून काम करत असावेत. असावेत! मूळ पद कोणते होते हे आस्थापना विभागालाही आठवेनासे झाले, तर दोष त्या बिचाऱ्याचा नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. सदर कर्मचाऱ्याच्या मूळ कामाबद्दल कोणाचीही तक्रार नाही. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ चार कोटींहून अधिक खपला तो उगाच नव्हे. उडीच्या बटणावर बोट किती वेळ दाबले, यावर उडीची उंची ठरते, ही बारकाई त्या काळात किती जणांकडे होती? १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’ ने त्रिमितीत माणूस कसा पळवावा, हे सगळ्या धंद्याला शिकवले. २०१७ चा ‘ओडिसी’ही तसाच ताजा. मारिओ जेव्हा उडी मारतात तेव्हा अजूनही त्यांच्यासारखे कोणी नाही. तक्रार आहे ती अतिरिक्त कार्यभाराची. आणि आमच्याकडच्या कोणत्याही कार्यालयात विचारा: अतिरिक्त कार्यभार म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी भरलेच न गेलेले पद.

ती पदे कोणाची होती, याचीही नोंद आहे. १९८७ साली जपानमध्ये फूजी टीव्हीच्या एका महोत्सवासाठी ‘दोकी दोकी पॅनिक’ नावाचा खेळ निघाला. त्यात अरबी थाटाच्या वेशातले एक कुटुंब होते. मारिओंच्या खेळाचा खरा दुसरा भाग अमेरिकेसाठी फार अवघड ठरेल असे आपल्याला वाटले. मग या कुटुंबाला पुसून त्यांच्या जागी मारिओ मंडळी बसवली आणि १९८८ साली तोच खेळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून अमेरिकेत विकला. १९९५ च्या ‘पानेल दे पोन’ या कोड्याच्या खेळात पऱ्या होत्या. पश्चिमेकडे जाताना वाटेत पऱ्या गळाल्या आणि मारिओंचे वाहन असलेला योशी डायनासोर त्यांच्या जागी आला. हे लोण एकट्या मारिओंपुरते राहिले नाही. ‘रेअर’ ही ब्रिटिश कंपनी डायनासोरांच्या ग्रहावरचा एक स्वतंत्र खेळ रचत होती. त्यातला नायक आपल्या ‘स्टार फॉक्स’सारखा दिसतो, असे मियामोतो यांना वाटले आणि २००२ साली तो ‘स्टार फॉक्स अ‍ॅडव्हेंचर्स’ होऊन बाहेर पडला. आकाशात विमान उडवणारा कोल्हा हातात काठी घेऊन जमिनीवर चालू लागला. लोकरीच्या धाग्यांनी विणलेल्या जगाचा एक सुरेख खेळ स्वतःच्या नायकासह तयार होत होता. २०१० साली त्यात आपल्याच दुसऱ्या मालिकेतला गुलाबी कर्बी येऊन बसला आणि मूळ नायक त्याचा जोडीदार उरला.

बरे, मारिओ एकच असते तरी चालले असते. ‘मारिओ कार्ट ८’ च्या शर्यतीत मारिओ आहेतच, शिवाय बाळ मारिओ आहेत, धातूचे मारिओ आहेत आणि पुढे वेगळी किंमत मोजली की तानुकी या प्राण्याचा झगा घातलेले मारिओही आले. राजकन्या पीच आहे, बाळ पीच आहे आणि गुलाबी सोन्याची पीच आहे. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ या २०१८ च्या खेळात मारिओ आणि डॉ. मारिओ हे दोन स्वतंत्र लढवय्ये म्हणून हजेरीपटावर आहेत. एकाच इसमाने दोन पगार घेतल्याबद्दल आमच्याकडे चौकशी लागते.

महाराष्ट्रातल्या ज्या वाचकांचे बालपण नव्वदच्या दशकात गेले, त्यांना हे ओळखीचे वाटेल. सुट्टीत टीव्हीला जोडायच्या नकली यंत्राबरोबर एक कॅसेट मिळे आणि तिच्यावर ‘९९९९९९ इन १’ असे काहीतरी छापलेले असे. यादी खाली सरकवत गेले की कळे, खेळ मोजकेच आहेत आणि मारिओच निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येतो आहे. तेव्हा त्याला आम्ही फसवणूक म्हणत होतो. आता अधिकृत मालातही मारिओंच्या नावाच्या वा हजेरीच्या खेळांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आहे, आणि त्याला ब्रँड म्हणतात.

असे का होते, हे न कळण्याइतका पत्रलेखक भाबडा नाही. नवा चेहरा घेऊन बाजारात उतरणे महाग आणि बेभरवशाचे. टोपीवर ‘एम’ दिसला की आईवडील डोळे झाकून खेळ घेतात. २०२३ चा मारिओंचा चित्रपट १.३ अब्ज डॉलरहून अधिक कमावून गेला. त्याआधी २०२१ साली स्विस घड्याळाच्या तबकडीवरही ते अवतरले होते. दुकानदाराने चालणारा माल पुढे मांडू नये, असे कोण म्हणेल? पण चालणाऱ्या मालाचीही एक हद्द असते. २०१२ साली अवघ्या चार महिन्यांत ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स’चे दोन खेळ निघाले. त्यांच्यात नवे काय, हे सांगताना समीक्षकांना धाप लागली. एकात तर दहा लाख नाणी गोळा करणे हेच उद्दिष्ट होते. यापेक्षा प्रांजळ कबुली दुसरी नाही.

आणि गंमत अशी की, आपल्याच वह्यांतले आकडे आपल्याविरुद्ध साक्ष देतात. ‘वी’ यंत्रावरचा ‘वी स्पोर्ट्स’ हा खेळ घडत असताना त्यातही मारिओंना घालून पाहिले गेले होते. चाचणीतल्या खेळाडूंना साधी गोल डोक्याची ‘मी’ माणसे अधिक आवडली, म्हणून मारिओ वगळले गेले. तो खेळ सुमारे ८ कोटी २९ लाख गेला. जपानबाहेर तो बहुतेक ठिकाणी यंत्राबरोबर फुकट मिळत होता, हे खरे. पण त्या यंत्राकडे आजीआजोबा वळले ते कशामुळे? मारिओंच्या मिशीमुळे नव्हे, घरातल्या प्रत्येकाला स्वतःचे तोंड पडद्यावर दिसले म्हणून. २०१५ साली ‘स्प्लॅटून’मध्ये रंग उडवणारी माखलीसारखी मुले आणली. ही मुले कोणाचीच नातलग नव्हती. २०२२ साली त्याच्या तिसऱ्या भागाच्या एकट्या जपानमध्ये तीन दिवसांत ३४ लाखांहून अधिक प्रती गेल्या. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’चा २०२० चा खेळ साडेचार कोटींच्या पलीकडे गेला, त्याच्या बेटावर राहतात ती प्राणिमंडळी, आणि घरबांधणीचे कर्ज देतो तो एक व्यापारी तानुकी. मारिओंना सुट्टी दिली की दुकान बुडते, असे या आकड्यांत कुठे दिसत नाही.

सर्वांत वाईट अवस्था कॅप्टन फाल्कन यांची. ‘एफ-झीरो’ ही त्यांची भन्नाट वेगाची शर्यत १९९० साली सुरू झाली. २००३ च्या ‘एफ-झीरो जीएक्स’मध्ये एका वेळी तीस गाड्या धावत. २००४ नंतर मात्र या मालिकेचा नवा खेळ २०२३ पर्यंत निघाला नाही, आणि निघाला तोही जुन्याच खेळावर बेतलेला. या मधल्या काळात ‘मारिओ कार्ट ८’ ने एफ-झीरोच्या दोन धावपट्ट्या उचलून आपल्या बाजारात मांडल्या. रस्ते मारिओंना मिळाले आणि ज्याचे रस्ते होते तो घरी बसला. बसला म्हणजे अगदी बसला नाही. १९९९ पासून त्यांना ‘स्मॅश ब्रदर्स’मध्ये ठोसे मारायला आणि खायला बोलावले जाते.

५ जून २०२५ रोजी आपले नवे यंत्र, स्विच २, बाजारात आले. त्याच दिवशी ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ आला. किंमत अमेरिकेत सुमारे ८० डॉलर आणि जाहिरातीचा मोठा मुद्दा, आता एका शर्यतीत चोवीस स्पर्धक. त्यांत एक गायही आहे. कुरणात चरणाऱ्या गाईला गाडी मिळाली, याबद्दल तिचे अभिनंदन. त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, वर्गणीदारांसाठी एफ-झीरोचाही एक खेळ ठेवला गेला : बावीस वर्षांपूर्वीचाच, तीस गाड्यांचा.

तरी सदर कर्मचाऱ्यास गोल्फ, टेनिस, वैद्यकी व मोटारशर्यत या अतिरिक्त कार्यभारांतून मुक्त करून निदान एका यंत्राच्या आयुष्याइतकी अर्जित रजा द्यावी. त्यांची मूळ उडीची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवावी आणि शर्यतीचा कार्यभार कॅप्टन फाल्कन यांच्याकडे सोपवावा. त्यांच्याकडे परवाना आहे, अनुभव आहे आणि सध्या भरपूर वेळ आहे. गाय हवी असल्यास ठेवावी.

कळावे,
आपले एक जुने गिऱ्हाईक