स्थिर सरकार, स्थिर पेन्शन

पादरा गावच्या भाजीबाजारात तुरीपासून मिरचीपर्यंत सगळ्यांनी भाव वाढवून घेतला. आजींनी नाही. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा २००७ साली महिना २०० रुपये होता, आजही २००च. (राज्य वर भर घालतं, पण त्याने या स्थैर्याची शोभा जाते, म्हणून ते सोडू.) आणि सरकार काही हातावर हात ठेवून बसलेलं नाही. २०१७ साली खास २००ची नोट काढली. म्हाताऱ्या बोटांना दोन नोटा मोजायचा त्रास वाचला! शिवाय ८० गाठली की थेट ५००. माणसाला जगायला काही आमिष हवंच ना?

तर आजी, हयातीचा दाखला द्यायला वेळेवर या. रिक्षाभाडं तेवढं आपलं आपण बघा.