एक प्रश्न न विचारण्याचे फायदे

नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एखादा लॉट रिजेक्ट झाला की क्वालिटीवाले ‘व्हाय-व्हाय’ करायला बसतात. बोअर मोठा का झाला? इन्सर्ट झिजला होता. मग बदलला का नाही? नवीन आलाच नव्हता. का नाही आला? असं पाचदा ‘का’ विचारलं की खरं कारण सापडतं, कागदावर सह्या होतात आणि प्रकरण मिटतं. इतकं रसाळ भांडण अर्ध्या तासात मिटवायचं म्हणजे काय! पुढच्या आठवड्याला काही शिल्लक नको?

सुदैवाने हीच माणसं पाळी संपवून सिडकोतल्या उत्तमनगर, पवननगरला घरी येतात आणि समोर मराठी मालिका सुरू होते. तिथे ‘का’ला बंदी आहे. ‘रंग माझा वेगळा’ घ्या. स्टार प्रवाहवर ती 2019 साली सुरू झाली. नायक कार्तिक स्वतः डॉक्टर. मुली आपल्या नाहीत असा त्याला संशय. एका डीएनए चाचणीचं काम, पण पोरी शाळेत जाऊ लागल्या तरी या सद्गृहस्थाने ती केली नाही. विज्ञान हाताशी असताना ते न वापरायला जो संयम लागतो, तो आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवत नाहीत.

‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं बाळंतपण तर उभ्या महाराष्ट्राने केलं. ते इतकं लांबलं की लोक चेष्टा करू लागले. चेष्टा करणाऱ्यांना कळलं नाही, की घरात अर्धा डझन अनुभवी सासवा असताना एकीनेही बोटांवर महिने मोजले नाहीत, याला केवढी सोशीक माणसं लागतात. दर गुरुवारी येणारा टीआरपीचा आकडा चांगला असेल, तर निसर्गानेही थोडं थांबायला काय हरकत आहे?

‘माझ्या नवऱ्याची बायको’चा विशेष अभिमान, कारण राधिका झालेली अनिता दाते आमच्या नाशिकची. नवरा दुसरीच्या नादी लागला हे कळल्यावर राधिकाने मसाले कुटायला घेतले आणि बघता बघता कोट्यवधींची कंपनी उभी केली. भांडवल कुठून, हे विचारायचं नाही. एक्सलो पॉइंटच्या आसपास भाड्याच्या शेडमध्ये जॉबवर्क करणारे उद्योजक तीन-तीन महिने बिलाची वाट पाहतात, कॅश क्रेडिटसाठी बँकेत खेटे घालतात, विजेचं बिल आलं की डोळे मिटतात. भांडवल उभारायची खरी वाट आधी जोडीदाराने दगा देण्यातून जाते, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. जिल्हा उद्योग केंद्राच्या पुस्तिकेतही नाही.

‘का’ न विचारण्याची ही परंपरा कालची नव्हे. अंबडपासून जवळच, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. फाळके जन्माने त्र्यंबकेश्वरचे. 1913 साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्यातला राजा दिलेल्या शब्दापायी राज्य घालवतो, बायको-मुलाला वनवासात नेतो आणि शेवटी बायकोवरच शस्त्र उगारायची पाळी येते. साऱ्या चित्रपटात ‘महाराज, शब्द देण्याआधी घरी विचारलंत का?’ असं कोणी म्हणत नाही. मूकपट होता ही सबब आहेच म्हणा. पण बोलपट आले तरी ही सवय कोणी मोडली नाही. त्यातली तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली. पुढे 1917च्या ‘लंका दहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता, दोन्ही भूमिका केल्या. तो प्रयोग मात्र फारच धोक्याचा. नवरा-बायको एकच माणूस असला तर गैरसमज व्हायचा कसा? पुढे मालिकावाल्यांनी त्या वाटेला न जाण्याचा शहाणपणा दाखवला.

मालिकांमुळे घरं बिघडतात म्हणणाऱ्यांनी एकदा सिडकोत यावं. इथल्या चिमुकल्या घरांवर लोकांनी मजले चढवले आहेत. अशाच एका घरात खाली थोरला भाऊ, वर धाकटा. वरच्या स्लॅबचे पैसे कोणी किती दिले यावरून दोघे बोलत नाहीत. धाकटा क्वालिटीत आहे. दिवसभर लोकांना पाच-पाचदा ‘का’ विचारून दमतो, त्यामुळे घरी एकदाही विचारत नाही. सिमेंटच्या पावत्या थोरल्याच्या कपाटात आहेत; कोणी मागितल्या नाहीत, म्हणून त्याने दाखवल्या नाहीत. घराण्याचं कसं सगळं सुरळीत चाललं आहे.

रात्री साडेआठला धाकटी जाऊ खाली येते, आणि दोघी मिळून हिरोच्या नावाने बोटं मोडतात.

“अहो ताई, एकदा विचारून मोकळा का होत नाही हा मेला?”

“विचारलं तर उद्या काय बघशील, बाई?”

मग जाहिराती लागतात, आणि वर कुकरची शिट्टी झाली म्हणून धाकटी पळते.