घाम कोणी गाळायचा?

पुण्यात प्रकट मुलाखत घेणाऱ्या पत्रकाराला समोरच्या सेलिब्रिटीची भीती वाटत नाही. वाटते ती तिसऱ्या रांगेतल्या आजोबांची. नटाला स्वतःच्या पहिल्या नाटकाचं साल आठवत नाही, आजोबांना प्रयोगाची तारीखही पाठ असते आणि ते बसल्या जागेवरून दुरुस्ती करतात. मग बिचारा पत्रकार ‘तुमचा प्रवास कसा सुरू झाला?’ याच्या पुढे कशाला जाईल?

२१ फेब्रुवारी २०१८ ला बीएमसीसी कॉलेजच्या मैदानावर यावर तोडगा निघाला. शरद पवारांची मुलाखत खुद्द राज ठाकऱ्यांनी घेतली. नेत्याला नेत्याने विचारायचं, पत्रकारांनी खाली बसून टिपणं काढायची. कुणाच्याही हाताला कंप नाही! (अवघड प्रश्नांचं काय, हे विचारणारे आजोबा त्या दिवशी बहुधा फार मागे बसले असावेत.)