त्यात एक गंमत आहे

नानाकाका बसले असतील तिथं वाक्प्रचार जपून वापरावे लागतात. चुलतबहिणीच्या लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे मामा सहज म्हणाले, "आता तारखेवरून कुणी खोडा घालू नका." झालं! काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. आम्ही घरचे जमिनीकडे बघू लागलो.

"खोडा म्हणजे बरं का, लाकडाचे दोन जाड ओंडके. मधे भोकं. कैद्याचे पाय त्यात अडकवायचे की रात्रभर कूस बदलायची सोय नाही. त्यात एक गंमत आहे..."

मामांचा पोह्यांचा चमचा वाटेतच थांबला.

आपण जिथं 'अरे देवा' म्हणू, तिथं काका 'गंमत' म्हणतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ग्रंथालयातून याच विषयाची पुस्तकं घरी येतात. त्यांची तक्रार एकच: अख्खा महाराष्ट्र शिक्षांची भाषा बोलतो आणि कुणाला पत्ता नाही. पेपरात 'सहनशीलतेचा कडेलोट' दिसला की लाल पेनानं खूण करून विचारतात, "यानं टकमक टोक पाहिलंय का?" काकांनी पाहिलंय. आम्हीच रायगडावर नेलं होतं, रोपवेनं. टोकाच्या चांगलं अलीकडे ते मटकन खाली बसले, एका हातात माझी बाही, दुसऱ्यात गवत, आणि डोळे मिटून तिथूनच सगळी माहिती दिली.

एकदा वडे तळताना काकूंच्या बोटावर तेल उडालं. काका धावत मलम घेऊन आले, फुंकर घातली, आणि मग त्यांना राहवेना. "पेशवाईत रवादिव्य असायचं. तेलातुपाचं आधण ठेवायचं, त्यात धातूचा तुकडा टाकायचा आणि हातानं काढायचा. मग हाताला पिशवी, पिशवीवर मोहोर. तिसऱ्या दिवशी उघडून बघायचं. हात धड, तर माणूस खरा. आणि हे सगळं कशापायी? वतन, नाहीतर शिवेचा तंटा!"

"मी चाळीस वर्षं तुमचं ऐकतेय," काकू वडा उलटत म्हणाल्या, "ते कुठलं दिव्य?"

परदेशही त्यांनी सोडलेला नाही. समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी पेटी शिकायला लागली, तर तिला जिन्यात गाठून म्हणे, "गिलोटिन कुणी बनवलं माहितीये? टोबियास श्मिट. मूळ धंदा हार्पसिकॉर्ड करण्याचा, म्हणजे तुझ्या पेटीवाल्यांच्याच बिरादरीतला! १७९२ साली पॅरिसात पहिलं मुंडकं उडालं आणि शेवटचं १९७७ साली. आपल्याकडे आणीबाणी उठली, त्या साली! गंमत म्हणजे हे यंत्र आलं दयेपोटी. त्याआधी १७५७ मध्ये राजावर चाकू चालवणाऱ्या दामियाँला चार घोड्यांना..." मुलीनं पुढच्या महिन्यापासून चित्रकलेचा क्लास लावला.

एवढं ज्ञान असलेल्या माणसानं घरात दरारा ठेवावा की नाही? नातवानं चेंडू मारून त्यांचा चष्मा फोडला, तेव्हा काका गरजले, "अंदमान! कोलूला जुंपतो!" पोरगं म्हणालं, "कोलू म्हणजे काय?" मग काय, कोलू म्हणजे बैलाचा घाणा, सेल्युलर जेलात माणसं जुंपायचे, दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, कमी पडलं की मार... सांगता सांगता काकांचाच आवाज बसला. त्यांनी डबा उघडून नातवाला चिक्की दिली. स्वतःही घेतली.

गेल्या पावसाळ्यात घरात उंदीर शिरला. पिंजऱ्यात सापडल्यावर काकू म्हणाल्या, "बादलीत बुडवा." काका रात्रभर पिंजऱ्यापाशी बसले. पहाटे निकाल लागला: तडीपार. "तड म्हणजे नदीचा काठ. काठापलीकडे सोडायचं, शब्दशः!" पिंजरा मांडीवर घेऊन ते रिक्षानं म्हात्रे पुलाच्या पलीकडे गेले, जाऊन-येऊन दीडशे रुपये मोजले, आणि उंदराला वाटेत खायला शेंगदाणेही ठेवले होते.

चौथ्या दिवशी पिंजऱ्यात पुन्हा उंदीर. काकांनी चष्मा पुसला, वाकून निरखून पाहिलं.

"तोच आहे," ते म्हणाले. "त्यात एक गंमत आहे..."

"शेंगदाणे," काकू म्हणाल्या.