हादरेकाका

रस्त्याकडेच्या प्रत्येक सोसायटीत एक हादरेकाका असतात. फ्लॅट पहिल्या मजल्यावर, बेडरूम नेमकी रस्त्याच्या बाजूला. निवृत्ती बहुधा बँकेतून किंवा पाटबंधारे खात्यातून, त्यामुळे आवक-जावक क्रमांकांवर अढळ श्रद्धा. खालच्या ड्रेनेजच्या झाकणावरून बस गेली की काका वहीत ‘ढण्ण’ लिहितात आणि पुढे वेळ टाकतात. टँकरसाठी ‘धाड्‌ढण्ण’ अशी वेगळी नोंद असते. ही वही घेऊन ते क्षेत्रीय कार्यालयात शिरले, की टेबलामागच्या माणसाला चहाची आठवण होते. काकांना हसणं सोपं आहे. पण त्यांच्या तक्रारीतला हसण्याजोगा भाग बहुतेक वेळा त्यांचा नसतो, तो त्यांनी कार्यालयाकडूनच उचललेला असतो.

त्यांचा अर्जच पाहा. पहिल्याच ओळीत ‘इमारतीस तडे गेले असून पाया खचत आहे’ असं असतं. पाया कुठेही खचत नसतो. घरात बसलेल्या माणसाला सेकंदाला ०.३ मिलिमीटर वेगाचं कंपन जेमतेम जाणवू लागतं, आणि आरसीसी इमारतीच्या गिलाव्याला साधी चीर जाण्याची शक्यता ब्रिटिश मानकं ५० मिलिमीटरच्या पुढे धरतात. मधल्या एवढ्या मोठ्या पट्ट्यात इमारत ठणठणीत असते आणि काका जागे असतात. पण झोपमोडीसाठी फाइल हलत नाही, पायासाठी हलते. ध्वनिप्रदूषण नियमांचा आधार घ्यावा, तर निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे खरी, पण ती ठरावीक काळाच्या सरासरीवर मोजतात. दोन वाजता झालेला एक ‘धाड्‌ढण्ण’ त्या सरासरीत कुठल्या कुठे विरून जातो. वर्षभराच्या पावसाची सरासरी दाखवून पूर नाकारण्यातलाच हा प्रकार. मग पोटतिडकीचा माणूस पाया खचवणार नाही तर काय करणार?

यावर कुणी म्हणेल, की याच काकांनी सह्यांची मोहीम काढून दारात स्पीडब्रेकर मागितला होता, आता त्याच्याच नावाने ओरडतात. खरं आहे, मागितला होता. पण इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तकातला स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, चाक त्यावर सावकाश चढून सावकाश उतरतं. प्रत्यक्षात आला तो उरल्यासुरल्या डांबराचा हातभर रुंदीचा बांध. त्यावर भरलेल्या ट्रकपेक्षा रिकामा डंपर जास्त वाजतो, कारण त्याचा फाळका आणि साखळ्या मोकळ्या असतात. मागणी एकाची आणि पुरवठा भलत्याचाच झाला, तर त्यात काकांची विसंगती कुठे आली?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कित्येक वस्त्यांना धड रस्ता नाही, आणि यांना रस्त्याचा आवाज सोसवत नाही! पण हा आवाज नुसता चैनीचा त्रास नव्हे. डांबराचा थर चढतो, झाकण खालीच राहतं, चाक कडेवर आदळतं, कड तुटते, पाणी मुरतं आणि खड्डा पडतो. कनिष्ठ अभियंत्याला खड्डा दिसण्याच्या कितीतरी आधी काकांना तो ऐकू आलेला असतो. एवढी स्वस्त तपासणी यंत्रणा कुठल्याच महापालिकेला टेंडर काढून मिळणार नाही. (गणपतीत मंडळाची स्पीकरची भिंत खिडकीसमोर उभी राहिली की काकांचे कान दहा दिवस रजेवर जातात. पुतण्या मंडळाचा खजिनदार असतो. हा दोष मात्र त्यांचा स्वतःचा.)

दरम्यान वही पथ विभागाकडे जाते. रस्ता आमचा, झाकण मलनिस्सारणचं. मलनिस्सारण म्हणतं, झाकण आमचं, पण वाहनं वाहतूक पोलिसांची. पोलीस म्हणतात, रस्ता महापालिकेचा. अखेर एखाद्या रात्री बारा वाजता माणसं येतात आणि रस्ता फोडायचा ब्रेकर लावून झाकण वर उचलतात. सकाळी कार्यालय उघडायच्या आधी काका नवा अर्ज घेऊन दारात उभे. निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला नियमांतच मनाई आहे, त्यामुळे या अर्जात पाया खचवावा लागलेला नाही.